शिवीच्या आधी शब्द पोचावा

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाचकांच्या हाती पडावी म्हणून ही शब्दओळख तयार झाली आहे. माणसाची लिंगओळख आणि त्याचा लैंगिक कल यांविषयी बोलताना जे शब्द लागतात, ते पुढच्या पानांत अर्थासह दिले आहेत. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, ग्रामसेवक, ग्रंथपाल आणि या सगळ्यांच्या आधी आईवडील, असे तिचे वाचक डोळ्यांपुढे ठेवले आहेत. शब्दांचे अर्थ पुढे आहेतच. हे शब्द आपल्याला का हवेत आणि ते वापरताना गल्लत कुठे होते, तेवढं इथे सांगते.

वयात येण्याविषयी तास घ्यायचा असला की मी आधी वर्गात एक रिकामा खोका फिरवते. नाव घालू नका, प्रश्न लिहा, घडी करून टाका, एवढंच सांगते. पाळी, मुरुमं, स्वप्नावस्था हे प्रश्न दर वेळी असतात आणि त्यांची उत्तरं देणं मला जड जात नाही. पण मधूनच एखादी चिठ्ठी अशी निघते की ती लगेच वाचून दाखवायचा धीर होत नाही. वहीच्या पानाचा बोटभर तुकडा, चार घड्या, पेन्सिलीने लिहून एकदा खोडलेलं, मग पुन्हा तेच लिहिलेलं : “मला मुली आवडत नाहीत. मित्र आवडतो. मी छक्का आहे का?”

यातली पहिली दोन वाक्यं त्या मुलाची स्वतःची आहेत आणि ती अगदी स्पष्ट आहेत. आपल्या मनात काय चाललंय ते त्याला नीट कळलेलं आहे. तिसरं वाक्य त्याचं नाही. ते त्याच्या कानावर मैदानात पडलं असेल, एसटीच्या मागच्या बाकावर पडलं असेल, कदाचित घरातही पडलं असेल. जे वाटतंय त्याला काय म्हणायचं हे त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि त्याच्या आसपासच्या साऱ्या मोठ्या माणसांकडून त्याच्यापर्यंत जी पोचली ती शिवी. शिवाय ती शिवी त्याला लागूही पडत नाही. आपण मुलगा आहोत याविषयी त्याला काही शंका नाही. प्रश्न आहे तो आकर्षणाचा. उद्या तो स्वतःला समलिंगी म्हणेल, किंवा म्हणणारही नाही. त्या वयात बरंच काही अजून बसायचं असतं, आणि एका चिठ्ठीवरून कुणावर शिक्का मारायचा नसतो. पण ‘मी कोण आहे’ आणि ‘मला कोण आवडतं’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, एवढं जरी त्याला वेळेवर कळलं असतं, तरी तिसऱ्या वाक्याचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं असतं.

या दोन प्रश्नांना वेगळं धरणं, हाच या पुस्तिकेचा गाभा आहे. बाकी सगळे शब्द त्यातून निघतात.

जन्मल्यावर सुईण किंवा डॉक्टर बाळाचं शरीर पाहून मुलगा की मुलगी ते सांगतात. ती शरीराची गोष्ट. पुढे वाढताना आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत, की या दोन्हींत आपण बसत नाही, याची जी आतली खूण प्रत्येकाला पटते, ती लिंगओळख. बहुतेकांच्या बाबतीत शरीर आणि ओळख जुळतात, म्हणून त्यांना या दोन गोष्टी आहेत हेच कधी जाणवत नाही. ज्यांच्या जुळत नाहीत त्यांच्यातल्या पुष्कळांना ते फार लहानपणापासून जाणवतं. मन आणि शरीर कुणाकडे ओढलं जातं तो लैंगिक कल. आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे सर्वांत जास्त घोटाळा होतो, ती म्हणजे वरून दिसणारं वागणं : चाल, आवाज, हातवारे, कपडे. गाव पाहतं ते हे चौथं, आणि त्यावरून आधीच्या तिन्हींचा निकाल लावून मोकळं होतं.

खरं तर कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. नमन-खेळ्यांतली राधा पिढ्यान् पिढ्या पुरुषच होत आला आहे. लुगडं नेसून, वेणी घालून, चाळ बांधून तो नाचतो. सकाळी तोच शेतावर जातो, आणि त्याच्या घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. बालगंधर्वांच्या शालूची आणि नथीची नक्कल महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका करत होत्या. लुगडं नेसणं हे त्या माणसाच्या ओळखीचंही प्रमाण नाही आणि त्याच्या आकर्षणाचंही नाही, हे रंगमंचावर आपल्याला बरोबर कळतं. रंग पुसल्यावरही एखाद्याची चाल तशीच राहिली, की मात्र आपली समज संपते.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी असा मुलगा पाहिला आहे. तो आखणी करतो. मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळे आखायचे असतात; श्वास रोखून, एका हाताने मनगटाला आधार देऊन, बारीक कुंचल्याने पापणीची रेघ एका ओढीत काढायची असते. तिथे हात हलला तर मूर्तीचं सगळं रूप जातं. हंगामात मालक त्याची वाट पाहतात, दुसऱ्याच्या हाती डोळे देत नाहीत. त्याच कारखान्यात त्याला ‘बायल्या’ म्हणतात, समोर म्हणतात, आणि तोही त्यावर हसून दाखवतो. त्याची ओळख काय, त्याला कोण आवडतं, मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा मला काही अधिकारही नाही. तो सांगेल तेव्हा, सांगेल त्याला. पण त्याच्या चालण्यावरून हा निकाल साऱ्यांनी आधीच देऊन टाकला आहे. मुलींच्या वाट्याला येणारा शब्द ‘बाप्यासारखी’. तो जरा कमी बोचतो असं लोक मानतात. मला तसं वाटत नाही. अशा मुलीचं लग्न जास्त घाईने उरकलं जातं.

आपल्या भाषेत एक अडचण अशी आहे, जी इंग्रजीत बोलणाऱ्याला कळायचीच नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ असंच म्हणावं लागतं. स्वतःविषयी साधं एक वाक्य बोलायचं तर आधी आपण पुरुष की स्त्री ते जाहीर करावं लागतं, दिवसातून शंभर वेळा. माझ्या वर्गात एक मूल होतं. हजेरीला ‘हजर’, डब्याविषयी विचारलं तर ‘मी आणलाय’, उशीर का झाला तर ‘मला घरी काम होतं’, उद्या येणार का तर ‘मी येईन’. मला हे कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की हे मूल ‘येतो’ही म्हणत नाही आणि ‘येते’ही म्हणत नाही. ज्या वाक्यात लिंग उघडं पडतं ते वाक्य ते मूल बोलतच नव्हतं. भविष्यकाळ आणि ‘मला’ची वाक्यं यांच्या आडोशाने बोलत होतं. व्याकरणाचा इतका बारीक अभ्यास माझ्या कुठल्याही हुशार विद्यार्थ्याने केला नसेल. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. म्हणजे ही रूपं वाटतात तितकी ताठ नाहीत. तेव्हा कुणी आपल्यासाठी ‘आली’ म्हणा, ‘आला’ म्हणा, असं सांगितलं तर तसं म्हणावं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला त्या दिवशी घरी गेल्यावर बरं वाटतं.

आता शब्दांकडे. पुरुषाला पुरुषाचं किंवा स्त्रीला स्त्रीचं आकर्षण वाटत असेल तर समलिंगी. पुरुषांसाठी गे आणि स्त्रियांसाठी लेस्बियन हे शब्दही मराठीत आता रुळले आहेत. बहुसंख्य माणसं ज्या प्रकारची, ती भिन्नलिंगी. स्त्री आणि पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी ‘उभयलिंगी’ म्हटलेलं आढळेल. या पुस्तिकेत मुद्दाम ‘उभयलैंगिक’ घेतला आहे, कारण उभयलिंगी म्हटलं की वाचकाला शरीरात दोन्ही लिंगांच्या खुणा असलेलं माणूस वाटतं. जीवशास्त्राच्या तासाला गांडुळाच्या धड्यात तो शब्द भेटलेला असतो. कुणाविषयीच लैंगिक ओढ न वाटणारी माणसंही असतात, ती अलैंगिक. त्यांना आजार झालेला नसतो आणि त्यांचा प्रेमभंगही झालेला नसतो. हे सगळे कलाचे शब्द झाले.

ओळखीचे शब्द निराळे. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला पटलेली ओळख जुळत नाही ती पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, व्यक्ती. पुरुष म्हणून नोंद झालेली पण स्त्री असलेली ती पारलिंगी स्त्री, आणि उलट असेल तर पारलिंगी पुरुष. पारलिंगी पुरुष हा आपल्याकडे जवळजवळ कुणाच्या ध्यानीमनीच नसतो. लोकांना वाटतं, असे प्रकार एकाच दिशेने होतात. पारलिंगी माणसालाही इतरांप्रमाणे कल असतोच. पारलिंगी स्त्रीला पुरुष आवडत असेल तर ती भिन्नलिंगी ठरते, स्त्री आवडत असेल तर समलिंगी. दोन प्रश्न वेगळे ठेवले की हे चटकन उलगडतं. एकत्र केले की गुंता होतो.

आंतरलिंगी हा शब्द शरीराचा आहे. गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं यांची ठेवण स्त्री-पुरुष या ठरलेल्या साच्यांत न बसणारी मुलं जन्माला येतात. आईवडील घाबरतात, डॉक्टरही कधी कधी घाईने तान्ह्या बाळावर शस्त्रक्रिया करून त्याला एका बाजूला लावून टाकतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा शस्त्रक्रियांना आळा घालायला सांगितलं, आणि जिवाला धोका असल्याखेरीज तान्ह्या बाळावर त्या करू नयेत असा आदेश त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने काढला. आपल्या आशाताईंनी आणि परिचारिकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : अशा बाळाच्या आईला पहिल्या दिवशी जो शब्द ऐकू येतो, तो ती जन्मभर विसरत नाही.

‘तृतीयपंथी’ हा महाराष्ट्रात सरकारी कागदांवरचा आणि वर्तमानपत्रांतला शब्द. तो आदराने वापरला जातो, पण त्यात एक उणीव आहे : स्वतःला पूर्णपणे स्त्री किंवा पूर्णपणे पुरुष मानणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला ‘तिसरा’ म्हटलेलं आवडेलच असं नाही. ‘हिजडा’ या शब्दाची तऱ्हा वेगळी. तो एका समाजाचं नाव आहे. त्या समाजात गुरु-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत. मुंबईतली भेंडीबाजारवाले, पूनावाले, लालनवाले ही त्यांपैकी काही. स्वतःचे नियम आहेत, पंचायत आहे, मृताचे विधी आहेत. दिवा-रोहा गाडीत टाळी वाजवत येणारी माणसं आपण पाहतो. हमरापूर सुटलं, पेण सुटलं की डब्यात एखादी बाई पदराची गाठ सोडून दहाची नोट काढते, कडेवरचं बाळ पुढे करते, बाळाच्या डोक्यावर हात फिरवून घेते. त्याच डब्यातले कॉलेजचे पोरगे खिडकीकडे तोंड करून हसत असतात. आशीर्वाद घ्यायचा त्याच तोंडून, आणि शिवी म्हणून वापरायचं तेच नाव, हे दोन्ही आपण एकाच प्रवासात करतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मकथनाच्या नावातच हा शब्द ताठ मानेने घातला. त्या समाजातल्या माणसाने स्वतःसाठी वापरला तर तो अभिमानाचा, आपण दुसऱ्याला मारला तर घावाचा. म्हणून नियम साधा ठेवला आहे : ज्याचं नाव त्याला विचारावं. आणि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती हिजडा समाजातली नसते, हेही ध्यानात असावं. देशावर, कर्नाटकच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत, यल्लम्माला सोडलेले जोगते आहेत. त्यांचं जगणं २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटामुळे पुष्कळांनी पाहिलं. तिथे ओळखीपेक्षा देवीचा हुकूम आणि घरच्यांचा नाइलाज यांचा भाग मोठा असतो, म्हणून जोगत्याला सरसकट पारलिंगी म्हणणं बरोबर नाही.

‘हे शहरातलं फॅड आहे’, ‘हे परदेशातून आलंय’, असं या पुस्तिकेच्या कामात मला अनेकांनी सांगितलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी तसंच ऐकलेलं होतं. परदेशातून आला तो कायदा. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ इंग्रजांनी आणलं, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची पोलिसांत नोंद करायला, बायकांचे कपडे घालून लोकांसमोर नाचायला बंदी करायला सुरुवात झाली. माणसं त्याआधीही होती.

मराठीत या विषयाची वाट कुणी पाडली ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना विशेष जवळचं वाटावं. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न छापले जात, कर्वे त्यांना उत्तरं देत. हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी आकर्षणाविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते महाडच्या त्याच सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना जे विचारायचं आहे त्याला ज्ञानानेच उत्तर द्यावं लागतं, अशी त्यांची बाजू होती; त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार दिला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. आज माझ्या खोक्यात पडणारी चिठ्ठी आणि कर्व्यांना येणारं पत्र यांत नव्वद वर्षांचं अंतर आहे, प्रश्न फारसा बदललेला नाही. हा विषय आपल्या परंपरेबाहेरचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा खटला आठवावा.

पुढची पावलं मी भराभर सांगते. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकांनी त्यात पाहिली. अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिऱ्यांनी हा विषय साध्या मराठीत, घरातल्या माणसाशी बोलावं तसा, एकामागून एक पुस्तकांत मांडला. आज आपण जे शब्द वापरतो त्यांतले कितीतरी त्यांच्या लिखाणामुळे लोकांपर्यंत गेले. त्या कामाचं मोल मराठी वाचकाने अजून पुरतं मानलेलं नाही, असं माझं मत आहे.

खेड्यांविषयी म्हणाल, तर सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट तर कागदावरच्या शब्दाचीच आहे. तिथल्या अंजली यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांकरता राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची स्त्री ही ओळख मान्य करून त्यांना निवडणूक लढवू दिली, आणि गावाने त्यांना निवडून दिलं. गाव मत द्यायला तयार होतं. अडलं होतं ते अर्जावर.

अंजली यांच्या बाजूने निकाल लागू शकला, कारण १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात एक गोष्ट ठरवून दिली होती : स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे सांगायचा हक्क ज्याचा त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात झाली. हा आकडा ओळखीचा, तोही अपुरा. कलाविषयी जनगणनेने कधी विचारलेलंच नाही.

कलाविषयीचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले संबंध, मग ती एकाच लिंगाची असोत, गुन्हा नाहीत. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासाने माफी मागायला हवी असं लिहिलं. घरच्यांचीही, हे मला महत्त्वाचं वाटतं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. ‘दोन मुली एकत्र राहिल्या तर पोलीस पकडतात का?’ अशी चिठ्ठीही मला आली आहे. उत्तर असं : दोघी अठराच्या पुढच्या असतील आणि आपखुशीने राहत असतील तर तो गुन्हा नाही, लग्नाची नोंद मात्र होत नाही.

पारलिंगी व्यक्तींच्या ओळखपत्राची वाट २०१९ च्या कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी आखली. त्या नियमांप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, राष्ट्रीय संकेतस्थळावरून, सोबत प्रतिज्ञापत्र. म्हणजे आपल्यासाठी अलिबाग. हे लिहायला सोपं आहे. रोह्याच्या आतल्या वाडीतून निघालेल्या, कधी तहसील कचेरीची पायरी न चढलेल्या माणसाने प्रतिज्ञापत्र करायला दुकानात जायचं आणि टंकलेखकासमोर, मागे रांग उभी असताना, मोठ्याने सांगायचं की मी कोण आहे, हे सोपं नाही. कुणी बरोबर गेलं तर अर्धं काम होतं. कायद्यातली कलमं बदलतात, म्हणून अर्जाआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारून घ्यावं. तो सल्ला फुकट मिळतो.

आईवडिलांशी मला वेगळं बोलायचं आहे. एक आई शाळेत आली होती. मुलगा अबोल झाला होता, लग्नाचा विषय चुलत्याने नुसता थट्टेत काढला तरी जेवणावरून उठत होता. ती मला म्हणाली, “बाई, पोराला कुनी काय केलंय का? भगताकडे दोन वार झाले, अंगारा लावतोय.” तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. तिला मी सांगितलं ते इथेही सांगते. समलिंगी असणं हा आजार नाही; जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ते आजारांच्या यादीतून काढलं. पारलिंगी असणंही मनोविकारांच्या यादीतून तिने आता बाहेर काढलं आहे. म्हणून त्यावर औषध नाही, अंगारा नाही, आणि ‘लग्न केलं की ठीक होईल’ हेही नाही. त्याने दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य जातं. कल बदलून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून यावं. तसल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मूल एकटं पडलं, घाबरलं, खाईना-झोपेना तर त्या एकटेपणावर मात्र समुपदेशक मदत करू शकतो. ती मदत जरूर घ्यावी. आणि तुम्ही काही चुकलात म्हणून हे झालं, असं मनात आणू नका. वळण कमी पडलं म्हणून कुणी समलिंगी होत नाही आणि मुलींत खेळला म्हणून कुणी पारलिंगी होत नाही.

मूल काही सांगायला आलं तर शब्द अचूक असलेच पाहिजेत असंही नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं आधी म्हणावं. त्याने सांगितलेलं त्याला न विचारता दुसऱ्याला सांगू नये, नवऱ्यालासुद्धा, मुख्याध्यापकांनासुद्धा. अर्थ पाहायला पुस्तिका नंतर उघडता येते.

पुस्तिकेतले काही शब्द पुढे बदलतील. तामिळनाडू सरकारने न्यायालयाच्या सांगण्यावरून २०२२ मध्ये असे शब्द ठरवून राजपत्रात छापले. आपल्याकडेही तसं काही व्हावं असं मला वाटतं, मात्र ते त्या त्या माणसांना विचारून व्हावं. ज्यांच्याविषयी हे शब्द आहेत त्यांनी एखादा नको म्हटलं, तर तो खोडून नवा लिहायला प्रत्येक पानाच्या कडेला जागा सोडली आहे.

एक विनंती पेण-रोह्यातल्या ग्रंथपालांना आणि मुख्याध्यापकांना. ही पुस्तिका कुलपाच्या कपाटात किंवा टेबलाच्या खणात ठेवू नका. जिला ती हवी आहे ती मुलगी तुमच्याकडे येऊन नाव घेऊन ती मागणार नाही. मागणं म्हणजेच उघडं पडणं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. वर्तमानपत्रांच्या टेबलावर, विज्ञानाच्या पुस्तकांशेजारी, नोंदवहीत सही न करता हाताला लागेल अशी ठेवा. शेवटच्या पानावर मानसिक आधारासाठीचा सरकारी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक दिले आहेत. तेवढे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आजच भिंतीवर लावा.